आराखडा की फोटो? डब्ल्यूडीएम-२ चं मॉडेल सुधारताना

चिपळूणचा भाचा विचारत होता, "मामा, आराखडा मिळवू की फाटकाजवळ उभं राहून फोटो काढू?" त्याचं डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं एचओ मॉडेल, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, बोगीत चुकलंय; बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, तर इंजिनाखालचा चाकांचा गाडा.

मापाला आराखडाच. खऱ्या इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल सुमारे १९७ मिलिमीटर हवं. फोटोवरून हे काढायला गेलं की गडबड होते. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं टोक फुगतं. नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर, तो धरून मोजावं म्हटलं तर चाक झिजलेलं असतं. बोगीची गंमत तर आराखड्यातच कळते: चाकांच्या तीन आसांपैकी मधला बरोबर मध्ये नसतो. भाच्याने तो मध्येच बसवलाय!

पण आराखडा कारखान्यातल्या कोऱ्या इंजिनाचा. नंतर बदललेले दिवे, इंजिनाच्या शेडने दिलेला रंग, धुराने काळवंडलेलं छत हे फोटोतच. लांब उभं राहून झूम करावं, ढगाळ दिवशी; कोकणात त्याला तोटा नाही. प्लॅटफॉर्मवरून मात्र बोगी अर्धी झाकली जाते.

खर्च दोन्हीकडे किरकोळ, वेळ फोटोला जास्त. त्यात २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून डिझेलची वाट बघण्यातच दुपार जाते.

सांगाडा कापायचा, बोगी बदलायची तर आराखडा. सांगाडा ठीक असून एखाद्या ठरावीक नंबरचं, ठरावीक वर्षातलं इंजिन करायचं तर फोटो. भाच्याला आधी आराखडाच.