बोरिवलीतील हॉटेल आणि शेजारची कान्हेरी: आठ महिन्यांचा अनुभव

कामानिमित्त गेल्या जुलैपासून दर महिन्याला तीन-चार रात्री मला बोरिवली पूर्वेला मुक्काम करावा लागतो आणि या आठ महिन्यांत मी एकच हॉटेल धरून राहिलो आहे. खोल्या लहान आहेत, पण चादरी प्रत्येक वेळी स्वच्छ मिळाल्या. खरा फरक पडतो तो खोली कोणत्या बाजूची आहे यावर. पश्चिम द्रुतगती महामार्गाकडच्या खोलीत रात्री दोन वाजतासुद्धा ट्रकचे हॉर्न ऐकू येतात आणि खिडकीची काच थरथरते. मागच्या खोलीत मात्र पहाटे पाखरांच्या आवाजाने जाग येते. म्हणून आरक्षण करतानाच मागची खोली मागून घ्यावी. ऑगस्टमध्ये दोन दिवस गरम पाणी आले नाही आणि तक्रार केल्यावर एक बादली मिळायला पाऊण तास लागला, हे मला अजूनही खटकते.

तरीही मी तिथेच उतरतो, कारण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार तेथून चालत दहा मिनिटांवर आहे. आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे बेसाल्टमध्ये खोदली गेलेली ही लेणी शंभराहून अधिक असली, तरी बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) आणि त्याच्या व्हरांड्यातील सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती पाहून परततात. त्यांनी आणखी थोडे वर चढावे, असे मला मनापासून वाटते. ४१ व्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. त्याहूनही माझे मन गुंतले ते पाण्याच्या योजनेत. विहारांच्या, म्हणजे भिक्षूंच्या निवासी लेण्यांच्या, दाराशी कातळात खोदलेली टाकी आहेत आणि वरच्या उतारावरून त्यांत पाणी आणणाऱ्या अरुंद पन्हळी आहेत. जुलैत मी अशा एका पन्हळीत हात धरला, तेव्हा बोटांवरून पाणी खळाळत टाक्यात पडत होते. फेब्रुवारीत तीच पन्हळ धुळीने भरली होती, पण टाक्यात पाणी होते. एवढा मोठा भिक्षुसंघ कोरड्या महिन्यांतही या डोंगरावर कसा राहत असेल, ते मला त्या दिवशी समजले.

उद्यान सोमवारी बंद असते, तेव्हा मंडपेश्वर लेण्यांतील नटराज पाहावा. हाताशी अर्धा दिवस असेल, तर गोराईच्या जेट्टीवरून होडीने विपश्यना पॅगोडाला जाता येते. तेथील घुमटाखाली एकही खांब नसलेल्या सभागृहात सुमारे ८,००० साधक बसू शकतात.

जूनचे आरक्षण मी केले आहे, मागच्याच खोलीचे.