शीट एसवायएस पॅसिव्ह प्रीअँप: घेण्याआधी अँपचं मॅन्युअल उघडा

शीट ऑडिओ या अमेरिकी कंपनीचा एसवायएस हा पॅसिव्ह प्रीअँप म्हणजे सोर्स (डॅक, सीडी प्लेअर) आणि अँप यांच्यामध्ये बसणारी धातूची छोटीशी डबी. पुढे व्हॉल्यूमचा नॉब आणि इनपुट बदलायचं बटण, मागे आरसीएच्या (साध्या गोल ऑडिओ सॉकेटच्या) दोन इनपुट जोड्या आणि एक आउटपुट. आत 10 किलोओहमचा स्टिरिओ पॉट, म्हणजे नॉबने कमीजास्त होणारा रेझिस्टर. वीज लागत नाही, आवाज वाढवायचं कामही ती करत नाही. बाजारात आली तेव्हा किंमत 49 डॉलर होती. भारतात मागवताना कुरियर आणि कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब करा.

या डबीत सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे तो 10 किलोओहमचा आकडा. पॉटचं आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सर्वांत जास्त असतं ते आवाज 6 डीबीने (डेसिबेलने) खाली असताना, आणि तेव्हा ते पॉटच्या एकूण रेझिस्टन्सच्या पाव असतं. म्हणजे इथे अडीच किलोओहम. एक मीटर केबल आणि अँपचं इनपुट मिळून 300 पिकोफॅरड कपॅसिटन्स धरला, तर 3 डीबीची घट थेट 210 किलोहर्ट्झच्या आसपास येते. ते ऐकू येण्याच्या पल्ल्याच्या खूपच वर, कानाला काही कळायचं कारण नाही. त्याच जागी 50 किलोओहमचा पॉट लावला की साडेबारा किलोओहम होतात. वर पाच मीटर केबल टाकून 700 पिकोफॅरड झाले, की 18 किलोहर्ट्झलाच 3 डीबी गेले. सतारीच्या जवारीतली चमक, झांजेची धार तिथेच बोथट होते. ‘पॅसिव्ह म्हणजे आवाज मेलेला’ अशी तक्रार ऐकू येते ना, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा मोठा पॉट आणि लांब केबल असते. डबीपासून अँपपर्यंत एक मीटर, फार तर दीड. लांबी घालायचीच असेल तर सोर्सकडच्या बाजूला घाला.

आता अँपचं इनपुट इम्पिडन्स, मॅन्युअल उघडायचं ते याच आकड्यासाठी. 25 किलोओहम किंवा जास्त हवं. 47 असेल तर निर्धास्त. काही क्लास डी अँपचं 10 किलोओहमच असतं. तिथे पॉटच्या मध्यबिंदूला 6 ऐवजी 8 डीबी उतरतात आणि नॉबची चालच बदलते.

सोर्सचंही पाहायला हवं. 2 व्होल्ट देणारा, शे-दोनशे ओहम आउटपुट इम्पिडन्सचा डॅक (डिजिटल सिग्नलचं ॲनालॉग करणारं यंत्र) किंवा सीडी प्लेअर असेल तर उत्तम. अँपचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) 26 डीबी असला तर 1 व्होल्टलाच 8 ओहमवर 50 वॅट होतात, प्रीअँपने वाढवायला काही उरतच नाही. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) सोर्सशी मात्र ही डबी जोडू नका. त्याच्या आउटपुटला 0.47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर 10 किलोओहमच्या लोडवर 34 हर्ट्झलाच बेस 3 डीबीने पडतो.

खरी अडचण येते रात्री, हळू आवाजात ऐकताना. स्वस्त पॉटचे दोन्ही चॅनल अगदी खालच्या टप्प्यात सारखे चालत नाहीत आणि गायक मधून एका बाजूला सरकतो. हे मल्टिमीटरने तपासता येतं. सगळ्या केबल काढा, नॉब घड्याळाच्या आठ, नऊ, दहावर ठेवत आउटपुटच्या आरसीएची मधली पिन आणि बाहेरची कडी यांत रेझिस्टन्स मोजा, आधी डावा, मग उजवा. एकीकडे 200 ओहम आणि दुसरीकडे 250 आले, तर जवळजवळ 2 डीबीचा फरक. एवढा कानाला लगेच कळतो. उपाय म्हणजे नॉब त्या टप्प्यातून वर काढायचा. 24 बिट प्लेअर असेल तर सॉफ्टवेअरमध्ये 10 डीबी कमी करा. किंवा डॅकच्या बाजूला प्रत्येक चॅनलला 2.2 किलोओहम मालिकेत आणि त्यापुढे 1 किलोओहम सिग्नल ते ग्राउंड असा जोड द्या. पाव वॅटचे, 1 टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतात. साडेदहा डीबीच्या आसपास उतार मिळतो. (स्वतः पॉट बदलणार असाल तर जपून: अल्प्स कंपनीचे नावाजलेले निळे पॉट म्हणून नकली माल सर्रास खपवला जातो.)

वापरताना तीन गोष्टी सांभाळा. न निवडलेला सोर्स चालू ठेवला तर अशा छोट्या डब्यांत तो खालच्या आवाजात बारीक झिरपू शकतो, म्हणून पॉज करा. अँप सगळ्यांत शेवटी चालू, सगळ्यांत आधी बंद. मध्ये म्यूट करणारं काही नाही, सोर्सचा ठोका सरळ स्पीकरवर जातो. आणि जाड, ताठ केबल नकोत. डबी इतकी हलकी आहे की मागून ओढली जाऊन पुढचे पाय उचलले जातात.

डॅक आणि अँप या मापात बसत असतील तर एसवायएस डोळे झाकून घ्या. चॅनलचा समतोल फारच खुपत असेल तर पुढची पायरी 10 किलोओहमचा स्टेप्ड अटेन्युएटर, म्हणजे ठरावीक रेझिस्टर टप्प्याटप्प्याने बदलणारा स्विच. ट्रान्सफॉर्मर व्हॉल्यूमकडे (पॉटऐवजी ट्रान्सफॉर्मरने आवाज कमी करणाऱ्या डबीकडे) जायचं ते लांब केबल टळतच नसेल तेव्हा: 6 डीबी उतरवताना तो 1 किलोओहमचा सोर्स अँपला साधारण 250 ओहमसारखा दाखवतो. पण किंमत कितीतरी पट, आणि अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवला नाही तर हम (विजेची गुणगुण) पकडतो.