फ्रान्झ सेलचा सहाचा संच: सोलापूरच्या उन्हाळ्यात ३२ अंश टिकतात का?

फ्रान्झ सेल म्हणजे रसायन त्वचेतून किती झिरपतं ते मोजणारं काचेचं छोटं भांडं. जॅकेट (पाणी फिरण्यासाठी दुहेरी भिंत) असलेल्या सहा काचेच्या सेल, त्यांच्याखाली सहा जागांचा मॅग्नेटिक स्टरर आणि गरम पाणी फिरवणारा सर्क्युलेटर. फार्मसी कॉलेजांना आणि लहान प्रयोगशाळांना साधारण हाच संच पुरवला जातो. काच उत्तम आहे, स्टरर कामापुरता आहे आणि सर्क्युलेटर सोलापूरसाठी चुकीचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संच आहे तसा चालतो. मार्चपासून पुढे त्यावर काढलेले आकडे आम्ही वापरणार नाही.

सेलची रचना साधी आहे. खालच्या कप्प्यात ग्राहक द्रव (त्वचेतून झिरपलेलं रसायन झेलणारा), वर उघडी डोनर टोपी, म्हणजे रसायन लावायची जागा, आणि दोन्हींच्या मध्ये त्वचेचा तुकडा क्लॅम्पने दाबलेला. वरून रसायन लावायचं आणि बाजूच्या नळीतून ठरावीक वेळाने खालचा द्रव काढून मोजायचा. थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ मध्ये हा मांडणीप्रकार प्रसिद्ध केला. २००४ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ४२८ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली आणि रसायनांच्या सुरक्षिततेसाठी या पद्धतीला नियमांची चौकट मिळाली. त्या चौकटीतली एक अट आपल्या गावात सगळ्यात अवघड जाते: त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान ३२ अंश, एक अंश इकडे किंवा तिकडे.

सर्क्युलेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे जाणं नेहमीचं. खोली ३८ अंशांवर असेल तर टाकीतलं पाणीही तिथेच पोचतं, वर पंपाची उष्णता वेगळी. हीटर बंद पडलेला असतो, सेटिंग ३२ चं असतं आणि वहीत ३२ लिहिलं जातं. तापमान दहा अंशांनी चढलं की झिरपण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मग जानेवारीत आणि मेमध्ये केलेला तोच प्रयोग दोन वेगळ्या रसायनांचा वाटावा इतका बदलतो. टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडण्याचा उपाय करू नका. पाण्याचं तापमान आधी खाली जातं, मग वर येतं, आणि चोवीस तास बाटल्या बदलायला कोणी बसत नाही.

यावर खरा उपाय रेफ्रिजरेटेड, म्हणजे पाणी थंडही करणारा सर्क्युलेटर. तोही टाकीतल्या आकड्यावर न सोडता बारीक थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) थेट त्वचेच्या वर तापमान मोजून लावायचा, कारण टाकी आणि त्वचा यांत फरक पडतोच. थंडीत त्वचा ३२ वर आणायला टाकी दोन-चार अंश वर ठेवावी लागते. संचासोबत आलेली नळी सहाही सेलना एकामागून एक जोडते, त्यामुळे सहाव्या सेलपर्यंत पाण्याचं तापमान बदललेलं असतं. मॅनिफोल्ड (एका नळीतून सहा फाटे काढणारा जोड) घेऊन समांतर जोडणी करा. जॅकेटमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर बसले की उष्णता नीट पोचत नाही आणि आतला बुडबुडाही दिसत नाही.

एसीची खोली असली तर उत्तम, पण सेल एसीच्या झोताखाली नकोत आणि प्रयोग चालू असताना पंखा पूर्ण बंद हवा. उघड्या डोनरमधून टोल्युइन किंवा मिथेनॉल त्वचेत जाण्याऐवजी हवेतच जास्त उडतं. वाऱ्याने ते आणखी वाढतं आणि आकडा खोटाच कमी येतो. हवेतली आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी असते. इथली उन्हाळी दुपार त्याच्याही खाली घसरते, म्हणून खोलीत आर्द्रतामापक टांगून रोजची नोंद ठेवा.

आता काच. १५ मिलिमीटर तोंडाची सेल घेतली तर क्षेत्रफळ १.७७ चौरस सेंटिमीटर येतं. घासलेले सपाट काठ आम्हाला नीट जुळलेले दिसले, गळती नाही. मात्र खालच्या कप्प्याचं माप पत्रकावरून घेऊ नका. हाताने फुंकलेल्या काचेत प्रत्येक सेल थोडी वेगळी भरते. बीड (स्टररने फिरणारा चुंबकाचा तुकडा) आत ठेवून, पाणी भरून, तराजूवर प्रत्येक सेलचं खरं आकारमान काढा आणि सेलवर क्रमांक कोरून घ्या. हे एकदाच करायचं काम आहे, आणि ते टाळलं तर पुढचं सगळं गणित तिरकं जातं.

बुडबुडा हा या उपकरणाचा नेहमीचा शत्रू. त्वचेच्या खालच्या बाजूला हवा अडकली की तेवढी जागा प्रयोगातून बाद होते. ग्राहक द्रव आधी कोमट करून व्हॅक्यूमखाली गाळला तर विरघळलेली हवा निघून जाते. तरी बुडबुडा आलाच तर सेल तिरकी करून तो बाजूच्या नळीतून वर काढा. दर नमुन्यानंतर जितका द्रव काढला तितकाच ३२ अंशांचा ताजा द्रव भरायचा. गार द्रव घातला की दहा मिनिटांत नवा बुडबुडा हजर. काढलेल्या द्रवाबरोबर जे रसायन बाहेर गेलं, ते हिशेबात परत मिळवायला विसरू नका.

पाण्यात सहज विरघळणाऱ्या रसायनाला ग्राहक द्रव म्हणून फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी) पुरतं. तेलकट रसायन पाण्यात उतरतच नाही. ते त्वचेच्या खालच्या काठाशी थांबून राहतं आणि ‘शोषण नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. अशा वेळी द्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन किंवा योग्य सर्फॅक्टंट (साबणासारखा विरघळवणारा पदार्थ) घालावं लागतं. खालच्या द्रवातलं प्रमाण त्या रसायनाच्या विद्राव्यतेच्या दहा टक्क्यांखाली राहिलं पाहिजे.

संचात त्वचा अर्थातच येत नाही, आणि अर्धं यश तिच्यावर आहे. डुकराच्या कानाची त्वचा माणसाच्या त्वचेला बरीच जवळची. मात्र कान केस जाळण्याआधी किंवा उकळत्या पाण्यात बुडवण्याआधीच घ्यायला हवेत. एकदा आच लागली की वरचा शिंगासारखा थर गेला, आणि अडथळा तोच थर आहे. डर्मॅटोमने (त्वचेचा पातळ काप काढणाऱ्या यंत्राने) २०० ते ४०० मायक्रोमीटर जाडीचा काप घ्या. डर्मॅटोम नसेल तर ६० अंशांच्या पाण्यात मिनिटभर ठेवून वरचा पडदा सोडवता येतो, पण हा पडदा नाजूक असतो आणि क्लॅम्प घट्ट केला की फाटतो. प्रत्येक तुकड्याचा विद्युत रोध आधी मोजा, भोक पडलेला तुकडा लगेच ओळखू येतो. कृत्रिम पडदे सरावाला आणि मलमांसारख्या मिश्रणांच्या तुलनेला ठीक आहेत, कामगाराच्या सुरक्षिततेचा निर्णय त्यांच्यावर घेऊ नये.

पहिला महिना कारखान्यातलं रसायन हातात घेऊच नका. कॅफीनवर हात बसवा. ते स्वस्त आहे, एचपीएलसीवर (द्रवातलं रसायन वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर) सहज दिसतं, आणि संदर्भासाठी प्रसिद्ध झालेले आकडे भरपूर आहेत. सहा सेलमध्ये कॅफीनचे आकडे विखुरलेले येत असतील तर दोष हातात, त्वचेत किंवा जोडणीत आहे.

मात्रा देतानाही बऱ्याच चुका होतात. कामाच्या जागी हातावर रसायन सांडतं ते थेंबांनी, म्हणून द्रवाची मात्रा चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोलिटरपर्यंत, म्हणजे या सेलला साधारण १७.७ मायक्रोलिटर. टोपी काठोकाठ भरून केलेला प्रयोग झिरपण्याचा कमाल वेग दाखवतो, कामगाराच्या हातावर काय होतं ते नाही. पिपेटच्या टोकाला चिकटून राहिलेला अंश वजन करून वजा करा.

चोवीस तासांनी खालचा द्रव मोजला की काम संपलं असं अनेकांना वाटतं, पण खरं काम तिथून सुरू होतं. पृष्ठभाग धुतलेलं पाणी, डोनरची टोपी, चिकटपट्टीने एकेक करून उचललेला वरचा थर, उरलेली त्वचा आणि खालचा द्रव, सगळीकडचं रसायन मोजून बेरीज लावलेल्या मात्रेच्या १०० टक्के, दहा इकडे किंवा तिकडे, यायला हवी. बेरीज ७० आली तर उरलेलं ३० कुठे गेलं ते शोधा. त्वचेत अडकलेलं रसायन नंतर रक्तात उतरणार नाही हे सिद्ध करता येत नसेल, तर ते शोषलेलंच धरायचं. ही ओळ अहवालातून गाळली जाते तेव्हा नुकसान कामगाराचं होतं.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या रंगाई खात्यांसाठी हा मुद्दा मोलाचा आहे. रिअॅक्टिव्ह रंग टॉवेलच्या सुताला जसे पक्के धरतात तसेच त्वचेतल्या प्रथिनांनाही धरतात. रेणू मोठे आणि भारित असल्यामुळे खालच्या द्रवात ते जवळपास दिसत नाहीत, आणि मिथेनॉलने त्वचेतून निघतही नाहीत. तुकडा पूर्ण विरघळवूनच मोजावं लागतं. शिवाय खाली उतरले नाहीत म्हणून हे रंग निर्धोक ठरत नाहीत. त्यांची पूड श्वासातून गेल्याने होणारी अॅलर्जी आणि दमा हा वेगळा धोका आहे, आणि ही सेल तो दाखवत नाही. हातावरचा रंग ब्लीचने किंवा हायड्रोने (सोडियम हायड्रोसल्फाइटने) काढण्याची सवय खात्यांत दिसते. त्याने वरचा थर दुखावतो, म्हणून तशी धुतलेली त्वचा वापरून एक वेगळा प्रयोग चालवण्यासारखा आहे. एका स्थितीला किमान चार चांगले नमुने लागतात, तेव्हा सहा सेलच्या संचात एका दिवशी एकच स्थिती बसते. दोन स्थिती शेजारी शेजारी हव्या असतील तर दुसरा संच लागेल. कॉस्टिक सोड्यासाठी हा प्रयोग नाहीच, ते त्वचा जाळतं आणि मग मोजायला अडथळाच उरत नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध आणि रसायन कारखान्यांचे प्रश्न वेगळे. डायमिथाइल फॉर्मामाइड लहान रेणूचं, पाण्यात आणि बहुतेक सेंद्रिय द्रावकांत मिसळणारं, त्वचेतून भराभर आत जाणारं आणि यकृताला इजा करणारं. अॅनिलीन त्वचेतून जाऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. अशा रसायनांसाठी पहिल्या अर्ध्या तासाचे नमुने सोडू नका.

विजेची सोय आधी बघा. चोवीस तासांत वीस मिनिटं वीज गेली आणि सर्क्युलेटर व स्टरर थांबले, तर तो प्रयोग बाद धरा. इन्व्हर्टरवर दोन्ही चालतील इतका भार काढून घ्या. रेफ्रिजरेटेड सर्क्युलेटर जोडला तर हा भार बराच वाढतो.

दर विचारताना रेफ्रिजरेटेड सर्क्युलेटर आणि मॅनिफोल्डसकट विचारा, नुसत्या संचाचा दर इथे फसवा आहे. जास्तीच्या डोनर टोप्या त्याच ऑर्डरमध्ये आणि त्याच घासणीच्या मागा. धुताना सगळ्यात आधी त्याच फुटतात, आणि नंतर मागवलेल्या टोपीचा काठ जुन्या कप्प्यावर नीट बसेलच असं नाही.