गुणवत्ता यादी की गावची लेक?

गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स नेमायची तर दोन वाटा. पहिली म्हणजे जाहिरात, अर्ज, गुणवत्ता यादी. कागद चोख, वशिल्याला जागा कमी. पण यादीत वर आलेली पोरगी पुण्या-नाशिकची असली, तर मेळघाटातल्या धारणीत किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीत रुजू होते आणि लगेच बदलीच्या मागे लागते. तिला तरी काय बोलावं? क्वार्टर गळतं, पावसाळ्यात वाट तुटते, आणि कोरकू किंवा माडियाच बोलणाऱ्या बाळंतिणीशी संवाद होणार कसा?

दुसरी वाट, गावातलीच निवडून शिकवायची. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातली आशाताई याच पायावर उभी आहे. ती त्याच गावची रहिवासी हवी. त्याआधीच, १९९५ मध्ये, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक आरोग्यदूतांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली होती. पण या वाटेवर सरपंचाची सूनच पुढं सरकते, हेही खरं. शिवाय एएनएमचा, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सचा, कोर्स दोन वर्षांचा, जागा मात्र आजच रिकामी.

माझा कौल तरी दुसरीला. फक्त निवड ओळखीवर नको. मुलाखतीत रक्तदाब मोजायला लावा, मग तो आकडा बाळंतिणीच्या सासूबाईला तिच्या बोलीत समजावून सांगायला लावा.