पावसात दोन घाट: भोर ते महाबळेश्वर मदतनिधी सायकल मोहीम

डोंगराळ भागातील शाळकरी मुलींना सायकली घेऊन देण्यासाठी पुण्यातील एक स्वयंसेवी गट जुलै महिन्यात भोर ते महाबळेश्वर अशी एका दिवसाची सायकल मोहीम आयोजित करतो. यंदा मी तीत भाग घेतला. पुढच्या वर्षी नाव नोंदवण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी पैशांविषयी. प्रवेशशुल्क २,५०० रुपये आणि किमान देणगी ५,००० रुपये, अशा दोन रकमा स्वतंत्र खात्यांत भराव्या लागतात. जेवण, टेम्पो, रुग्णवाहिका आणि परतीची बस यांचा खर्च केवळ शुल्कातून भागवला जातो, तर देणगी पूर्णपणे सायकलींसाठी राखून ठेवली जाते आणि तिची आयकर सवलतीसाठीची पावती मिळते. अशा उपक्रमांत टी-शर्ट आणि पदकांवर किती पैसे गेले हे देणगीदाराला सहसा कळत नाही; येथे ते विचारावेच लागले नाही, आणि माझ्या दृष्टीने या मोहिमेचा हा सर्वांत मोठा गुण आहे.

मार्ग भोर, मांढरदेव, वाई, पाचगणी असा साधारण ७५ किलोमीटरचा आहे. महामार्ग आणि खंबाटकी घाटातील अवजड वाहने त्यामुळे टळतात. मात्र त्या बदल्यात एकाच दिवसात दोन मोठे चढ चढावे लागतात. पहाटे साडेपाचला निघालो तेव्हा भोरला नुसती भुरभुर होती. मांढरदेवीचा घाट अर्धा चढून होईपर्यंत पावसाने जोर धरला आणि माथ्यावर धुके इतके दाटले, की पुढच्या सायकलीचा लाल दिवा तेवढा दिसत होता.

चढापेक्षा वाईकडचा उतार अधिक अवघड होता. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर (रिमवर) रबरी पॅड दाबून लागणारे ब्रेक, असलेल्या सायकलींत रिमवर पाण्याचा थर बसतो आणि ब्रेक दाबल्यावर तो पुसला जाईपर्यंत चाक जवळजवळ मोकळेच फिरते. शिवाय रस्त्यावरची वाळू पॅडमध्ये शिरून पॅड झपाट्याने झिजतात. आयोजकांनी हे नीट ओळखले होते. भोरला प्रत्येक सायकलीचे ब्रेक तपासले गेले आणि झिजलेले पॅड बदलल्याशिवाय कोणालाही पुढे सोडले नाही. माथ्यावर सर्वांना थांबवून, मध्ये अंतर ठेवून चार-चार जणांना खाली सोडले जात होते, आणि प्रत्येक आंधळ्या वळणावर एक स्वयंसेवक लाल झेंडा घेऊन भर पावसात उभा होता. त्या मुलामुलींचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत.

वाईला गरम पिठलं-भाकरी आणि चहा मिळाला. त्यानंतरचा पसरणीचा घाट लांब असला तरी एकसारखा चढतो: सुमारे १२ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर. हलक्या गिअरवर, घाई न करता चढल्यास तो नवख्यालाही जमतो. पावसात तहान जाणवत नाही आणि पाणी प्यायचे राहून जाते. येथील स्वयंसेवक प्रत्येकाला थांबवून मीठ-साखरेचे पाणी पाजत होते, हे विशेष आवडले.

पाचगणीच्या पुढे मात्र व्यवस्था ढिली पडली. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. म्हणजे या शेवटच्या १९ किलोमीटरमध्ये हवामान सर्वांत कठोर होत जाते, आणि नेमक्या याच टप्प्यात थांबण्यासाठी एकही आडोसा नव्हता. रविवार असल्याने पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली होती. हा उपक्रम आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवणे अधिक सुरक्षित ठरेल. वेण्णा तलावापाशी पोहोचल्यावर कळले, की कोरड्या कपड्यांच्या आमच्या पिशव्या टेम्पोत गळक्या ताडपत्रीखाली भिजून गेल्या आहेत. पाय चालू असेपर्यंत अंगात ऊब असते, परंतु थांबल्यावर ओल्या कपड्यांत वारा लागला की शरीर फार लवकर गारठते. बस येईपर्यंतची चाळीस मिनिटे आम्ही अक्षरशः कुडकुडत काढली, आणि एका ज्येष्ठ सहभागीचे हात इतके थरथरत होते, की त्यांना चहाचा पेला धरता येईना. एखादी खोली भाड्याने घेऊन आणि पिशव्या प्लास्टिकमध्ये बांधून हे सहज टाळता आले असते. ही त्रुटी मला गंभीर वाटते.

परतीचा उतार सायकलीवरून करू न देण्याच्या निर्णयावर काही जण नाराज होते. माझ्या मते तो पूर्णपणे योग्य होता, कारण थकलेल्या, गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबले जात नाहीत.

आयोजकांना एक विनंती मी लेखी कळवली आहे. मुलींना दिलेली सायकल याच पावसात, याच चढउतारांवर रोज चालणार आहे. साखळी गंजणार, पॅड झिजणार. म्हणून प्रत्येक सायकलीसोबत हवेचा पंप, ब्रेक पॅडची एक जादा जोडी आणि गावाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे वर्षभराच्या देखभालीचे पैसे आधीच भरलेले असावेत. त्यासाठी किमान देणगी हजार रुपयांनी वाढवावी लागली, तरी ती मी आनंदाने देईन.