सप्त्यातली कीर्तनं आजीच्या टीव्हीवर : डीव्हीडीस्टायलर वापरून बघितल्यावर

घरात जुना डीव्हीडी प्लेयर धडधाकट आहे आणि मोबाईलमधले व्हिडिओ त्यावर बघायचे आहेत, अशांनी सरळ डीव्हीडीस्टायलर घ्यावं. फुकट आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मी गंगाखेडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. गावच्या सप्त्यात माझा भाऊ मोबाईलवर कीर्तनं रेकॉर्ड करतो आणि त्यांच्या डिस्क मी आजीसाठी याच सॉफ्टवेअरवर करते.

आजीचा टीव्ही पिक्चर ट्यूबवाला. मोबाईलच्या पडद्यावर तिला महाराजांचा चेहरा नीट दिसत नाही, आणि गावात रेंज कधी असते कधी नसते. प्लेयर मात्र तिचा तिला लावता येतो. घरातले म्हणाले, ते खोकं काढून टाका, स्मार्ट टीव्ही आणू. आजी म्हणाली, "चांगला चालतोय की, कामून फेकायचा?" मला तिचंच पटलं.

आधी आम्ही तालुक्याच्या एका दुकानातून डिस्क करून घेतली होती. दुकानदाराने मोबाईलची एमपी४ फाईल आहे तशी डिस्कवर चढवून दिली. कॉम्प्युटरवर ती छान चालली आणि प्लेयरने ओळखलीसुद्धा नाही. असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणून कारण नीट सांगते. डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली. तिच्या नियमात व्हिडिओ एमपीईजी-२ (किंवा त्याआधीच्या एमपीईजी-१) पद्धतीचाच लागतो. आज बरेच मोबाईल ज्या एच.२६४ पद्धतीने रेकॉर्ड करतात, ती आली २००३ मध्ये. साध्या प्लेयरमधल्या चिपला ती वाचताच येत नाही. शिवाय डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा ठरलेल्या फाईली लागतात. नुसती फाईल कॉपी केली की ती डेटा डिस्क झाली, डीव्हीडी व्हिडिओ नाही. दुकानात काम देताना 'डीव्हीडी व्हिडिओ' हा शब्द आठवणीने सांगा.

डीव्हीडीस्टायलर हे सगळं एकाच ठिकाणी करतं. व्हिडिओ ओढून खाली सोडायचा, बाकी रूपांतर ते आतल्या आत एफएफएमपेग या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून करून घेतं. सुरुवातीलाच ते पाल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन जुन्या पद्धती) हे विचारतं. आपल्याकडे पाल : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. मोबाईल बहुतेक ३० चित्रांनी रेकॉर्ड करतो, त्यामुळे पालमध्ये आणताना काही चित्रं गळतात. महाराज उभे राहून बोलताहेत तिथे काही कळत नाही, टाळकरी पावली खेळायला लागले की हालचाल किंचित अडखळते. तुमचा प्लेयर आणि टीव्ही दोन्ही एनटीएससी दाखवत असतील तर ते निवडून बघा, त्यात सेकंदाला जवळपास ३० चित्रं असल्याने हालचाल जास्त सलग येते. आजीच्या टीव्हीची मला खात्री नव्हती, मी पालवरच राहिले.

खरा विचार करायचा तो बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला किती जागा द्यायची त्याचा. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तीच जागा ४.३८ च्या आसपास दाखवतं. दोन तासांचं कीर्तन त्यात सेकंदाला साधारण ५ मेगाबिटने बसतं, आणि पिक्चर ट्यूबवर ते सुरेख दिसतं. बिटरेट ऑटोवर ठेवला की सॉफ्टवेअर स्वतःच हिशोब करतं, डिस्क किती मिनिटं भरली तेही खाली दाखवतं. पण ऑटो आहे म्हणून तीन कीर्तनं एका डिस्कवर कोंबू नका. बिटरेट २ च्याही खाली जातो, चेहऱ्यावर चौकोन उमटतात, आणि मागची वारकऱ्यांची रांग तर नुसती पांढरी होऊन जाते. एक कीर्तन, एक डिस्क. सप्त्याच्या सात आणि काल्याची एक, एवढा खर्च करावा.

मेन्यू हा या सॉफ्टवेअरचा मला सगळ्यात आवडलेला भाग. मंडपाचा फोटो घेऊन त्यावर महाराजांचं नाव आणि वार मी आधीच चित्रातच लिहून ठेवते, म्हणजे जोडाक्षरांची काळजी राहत नाही. ते चित्र मेन्यूच्या मागे लावते आणि वर एकच मोठं बटण ठेवते. आजीला रिमोटवर काही शोधावं लागत नाही, ओके दाबलं की अभंग सुरू. दर दहा मिनिटांना चॅप्टर पाडून ठेवते. लाईट गेली की डिस्क पुन्हा पहिल्यापासून लागते, तेव्हा ती पुढचं बटण दाबत दाबत आधीच्या जागेवर येते. आमच्याकडच्या लाईटचं जे आहे ते बघता ही सोय मला फार मोलाची वाटते.

जुन्या टीव्हीच्या कडा चित्राचा थोडा भाग खातात. बाजूला बसलेले मृदंगाचार्य अर्धे कापले जाऊ नयेत म्हणून व्हिडिओच्या सेटिंगमध्ये चारी बाजूंनी थोडी काळी किनार द्यावी. उभा मोबाईल धरून रेकॉर्ड केलं असेल तर मधे नुसती पट्टी दिसते, त्याला इलाज नाही. मोबाईल आडवा धरायला सांगा.

आवाज पुढेमागे होणं ही दुसरी अडचण. मोबाईल चित्रांचा वेग स्वतःच कमीजास्त करत राहतो आणि दोन तासांच्या शेवटी ओठ एकीकडे, शब्द एकीकडे होतात. त्यासाठी फाईल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट (चित्रांचा वेग एकसारखा) निवडून काढावी, मग डीव्हीडीस्टायलरमध्ये घालावी. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, ते एमपी४, एमकेव्ही किंवा वेबएम अशी फाईलच देतं. क्लासमधली मुलं हे हमखास विचारतात, म्हणून लिहिलं.

वेळ लागतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक कीर्तन रात्री लावून झोपावं लागतं. शेवटी 'बर्न' न निवडता आयएसओ फाईल (अख्खी डिस्क एकाच फाईलमध्ये) बनवावी. मधेच लाईट गेली तर डिस्क वाया जात नाही, आणि विंडोज ७ पासून पुढे आयएसओ डिस्कवर चढवायची सोय विंडोजमध्येच आहे. लॅपटॉपला ड्राईव्ह नसेल तर यूएसबीवाला रायटर चालतो. वेग कमी ठेवा, मी ४एक्स ठेवते. जुन्या प्लेयरला डीव्हीडी-आर डिस्क सहसा जास्त मानवते.

सगळ्यांनाच एवढं करावं लागेल असं नाही. प्लेयरवर डिवएक्सचं (व्हिडिओची आणखी एक पद्धत) चिन्ह आणि यूएसबीची खाच असेल, तर तिच्याशी जुळणाऱ्या एक्सविड पद्धतीची एव्हीआय फाईल पेनड्राईव्हवर टाकून बघा. पेनड्राईव्ह बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, आणि त्यावर एक फाईल ४ जीबीच्या आतच राहते. आजीच्या प्लेयरला यूएसबी नाही, आणि असती तरी पेनड्राईव्हमधल्या इंग्रजी यादीतून कीर्तन शोधणं तिला जमलं नसतं.

आयएसओ जपून ठेवल्यामुळे शेजारच्या काकूंना आणि आत्याला लगेच दुसरी प्रत काढून देता येते. बाहेर वाटायच्या आधी मात्र मी महाराजांना फोन करून विचारते. आतापर्यंत एकाही महाराजांनी नाही म्हटलेलं नाही, तरी विचारावंच.