द्रव हेलियमविना चालणारा 14 टेस्लाचा चुंबक: दोन वर्षांच्या वापरानंतर

अतिवाहकांचा (पुरेसे थंड केल्यावर ज्यांचा विद्युतरोध शून्य होतो अशा पदार्थांचा) रोध उच्च चुंबकीय क्षेत्रात मोजण्यासाठी घेतलेल्या या यंत्रात 14 टेस्लापर्यंतचे क्षेत्र आणि 1.6 ते 300 केल्व्हिन तापमान मिळते. वेटोळ्याचा बाहेरचा भाग नायोबियम-टायटॅनियमचा आहे. मात्र तो पदार्थ 4.2 केल्व्हिनला साधारण 10 टेस्लापुढे अतिवाहक राहत नसल्याने आतला भाग नायोबियम-टिनचा आहे. चुंबक कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या शीतकाने थंड होत असल्याने द्रव हेलियमच्या पुरवठ्यावर प्रयोगांचे वेळापत्रक अवलंबून राहत नाही, आणि केवळ या एका कारणासाठी मी तो पुन्हा घेईन.

मॅग्नेशियम डायबोराइड या अतिवाहकासाठी हे क्षेत्र बऱ्याच अंशी पुरते. क्युप्रेटमध्ये (तांबे-ऑक्साइडच्या अतिवाहकांमध्ये) मात्र अतिवाहक अवस्थेकडे होणाऱ्या संक्रमणाची सुरुवात जेमतेम हलते, शून्य रोधाचे टोक तेवढे खाली सरकते. त्यांचे वरचे क्रांतिक क्षेत्र (ज्यापुढे अतिवाहकता नष्ट होते ते) मोजण्यासाठी स्पंद-चुंबकांच्या, म्हणजे क्षणभरच खूप मोठे क्षेत्र देणाऱ्या चुंबकांच्या, प्रयोगशाळांकडेच जावे लागते.

खरी कुरबूर शून्य क्षेत्राजवळची आहे. चुंबक 14 टेस्लावरून खाली आणला, की वेटोळ्याच्या तारांतच फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) अडकून काही मिलिटेस्ला क्षेत्र शिल्लक राहते, पण पडद्यावरचा आकडा विद्युतप्रवाहावरून काढलेला असल्याने तो निमूटपणे शून्य दाखवतो. सुरुवातीला एका नमुन्यात दिसलेल्या हिस्टेरेसिसवर (क्षेत्र वाढवताना आणि घटवताना वेगळी मापने येण्यावर) आम्ही आठवडाभर चर्चा केली. तो चुंबकाचाच निघाला. (अतिवाहकाने अतिवाहक मोजायचा म्हटल्यावर हे आधीच सुचायला हवे होते.) क्षेत्राची दिशा उलटसुलट करत, दर वेळी त्याचा आकार घटवत शून्यावर आल्यास हा शेष बराच कमी होतो, पण माहितीपुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

शीतकाचे ठोके सेकंदाला एकापेक्षा थोडे अधिक पडतात आणि नमुन्याच्या तारा क्षेत्रात किंचित जरी हलल्या तरी त्यांत व्होल्टेज प्रवर्तित होते. त्यामुळे नॅनोव्होल्टची मापने करायची असतील तर तारांना घट्ट पीळ देऊन त्या वार्निशने चिकटवणे अपरिहार्य आहे.

विक्रीपश्चात सेवेबद्दल समाधान नाही. कॉम्प्रेसरचे थंड पाणी बंद पडून 11 टेस्लावर क्वेंच झाला (वेटोळ्याची अतिवाहकता अचानक गेली), तेव्हा संरक्षक परिपथाने वेटोळे वाचवले, पण पुढच्या चाचणीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर तीन आठवड्यांनी आले. चुंबक तोवर आम्हीच पुन्हा थंड करून हळूहळू 14 टेस्लापर्यंत नेला होता.